कराची किती लांब?



आज एक साधा प्रश्न घेऊन आले आहे. मुंबईपासून कराची किती लांब आहे? हाच प्रश्न मी मागच्या आठवड्यात बचत गटाच्या बैठकीत टाकून पाहिला. कुणी म्हणालं, दिल्लीच्याही पुढे असेल. कुणी म्हणालं, काश्मीरच्या बाजूला. एक आजी म्हणाल्या, "लांबच असणार बाई, टीव्हीवर सारखं भांडणच दाखवतात."

मुंबई ते कराची सरळ रेषेत अंतर आहे साधारण ८७५ किलोमीटर. मुंबईहून नागपूर असंच सरळ मोजलं तर सातशेच्या आत भरतं आणि दिल्ली साडेअकराशेच्या आसपास. म्हणजे कराची ही नागपूरच्या थोडी पलीकडे आणि दिल्लीच्या चांगली अलीकडे आहे. भिंतीवरच्या नकाशावर मुंबईच्या ठिपक्यावर दोऱ्याचं एक टोक धरा, दुसरं कराचीवर ठेवा आणि दोरा ताणा. तो ताणलेला दोरा म्हणजे हवाई अंतर. डोंगर, नदी, खाडी काही मध्ये येत नाही. दोरा अरबी समुद्रावरून आणि काठेवाडच्या टोकावरून थेट कराचीला पोचतो.

पण आपण बायका अंतर असं दोऱ्याने कुठे मोजतो? तालुका किती लांब, असं विचारलं तर आपण "अठरा किलोमीटर" म्हणत नाही. आपण म्हणतो, "एसटी मिळाली तर पाऊण तास, चुकली तर गेला दिवस." मला वाटतं आपलं हे माप जास्त खरं आहे. आज मुंबई-कराचीची गोष्ट त्याच मापाने सांगते, कारण गेल्या नव्वद वर्षांत या दोन शहरांमधला दोरा तसूभर लांबला नाही, पण वेळ मात्र कधी दिवसांवर, कधी तासांवर, कधी पुन्हा दिवसांवर गेला.

आधी हे सांगायला हवं की ही दोन शहरं एकेकाळी एकाच प्रांतात होती. इंग्रजांनी १८४३ साली सिंध जिंकला आणि थोड्याच वर्षांत तो मुंबई इलाख्याला जोडून टाकला. तेव्हापासून १ एप्रिल १९३६ पर्यंत कराचीचा कारभार मुंबईहून चालायचा. जसा आपला सातारा, सोलापूर, रत्नागिरी मुंबई इलाख्यात, तशीच कराची. त्यामुळे मराठी कारकून, मास्तर, इंजिनियर, रेल्वेतले लोक तिकडे नोकरीला जात. कराचीत १८५५ साली सुरू झालेली पहिली सरकारी शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाने ओळखली जाते. हे वैद्य शिक्षण खात्यातले मराठी अधिकारी होते. पाकिस्तानातल्या सर्वांत मोठ्या शहरात एक शाळा मराठी माणसाच्या नावाने उभी आहे हे आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक असतं. आजही कराचीत मराठी बोलणारी थोडी कुटुंबं आहेत.

तर त्या काळी कराचीला जायचं कसं? दोन वाटा होत्या. एक आगबोटीची, समुद्रातून काठेवाडच्या किनाऱ्याला वळसा घालून. दुसरी रेल्वेची. रेल्वेने मात्र सरळ जाता येत नव्हतं. कच्छचं रण मध्ये पसरलेलं. पावसाळ्यात चिखल आणि पाणी, उन्हाळ्यात मिठाचा पांढरा पापुद्रा. तिथे रूळ कोण टाकणार? म्हणून गाडी मुंबईहून अहमदाबादला, तिथून वर मारवाडात, मग वाळवंट ओलांडून सिंधमधल्या हैदराबादला आणि तिथून खाली कराचीला, असा भलामोठा द्राविडी प्राणायाम होता. रुळांची रुंदी वाटेत बदलायची, त्यामुळे गाडीही बदलावी लागायची. पोरंबाळं, ट्रंका आणि पाण्याची सुरई सांभाळत हा प्रवास करणाऱ्या बायकांचं काय होत असेल, याची कल्पना तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली येईल.

याच वळशामुळे आपल्या देशातल्या टपाल-विमानाची सुरुवात झाली.

१९२९ साली लंडनहून कराचीपर्यंत विमानाने टपाल यायला लागलं. आठवडाभरात विलायतेचं पत्र कराचीत पोचायचं. आणि मग? मग ते आगगाडीच्या पिशवीत पडायचं आणि वळसे घालत मुंबईला, मद्रासला जायचं. सात समुद्र ओलांडून झटपट आलेलं पत्र घराच्या उंबऱ्यावर येऊन अडावं, तसा तो प्रकार. नेव्हिल व्हिन्सेंट नावाचा एक वैमानिक होता, इंग्रजांच्या हवाई दलात काम केलेला. त्याच्या मनात आलं की कराचीत उतरलेलं टपाल लगेच दुसऱ्या छोट्या विमानाने पुढे नेलं तर? ही कल्पना घेऊन तो टाटांकडे गेला आणि तिथे त्याला जे. आर. डी. टाटा भेटले.

जे. आर. डी. तेव्हा पंचविशी ओलांडलेले तरुण होते. विमानाचं वेड असं की फेब्रुवारी १९२९ मध्ये त्यांनी उडवण्याचा परवाना काढला तेव्हा त्यावर क्रमांक होता १. म्हणजे इथे दिला गेलेला पहिलाच परवाना. सरकारने या टपाल-विमानासाठी अनुदान द्यायला नकार दिला. प्रत्येक पत्रामागे जो जादा आकार घेतला जाईल त्यातला वाटा मिळेल, एवढंच ठरलं. तरी टाटांनी दोन लहान विमानं घेतली. जातीने 'पस मॉथ', एक इंजिन, आत दोन-तीन माणसांपुरती जागा. आपल्या गावातल्या सहा आसनी रिक्षेत जेवढी माणसं कोंबतात तेवढीही त्यात मावली नसती.

१५ ऑक्टोबर १९३२. सकाळी साडेसहाच्या सुमारास जे. आर. डी. कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून एकटे उडाले. सोबत होतं टपाल, वजनाने साधारण २५ किलो. आपण किराण्याला गेलो तर ज्वारीचं अर्धं पोतं आणतो, तेवढंच. ना रेडिओ, ना वाट दाखवणारं यंत्र. खाली पाहायचं, नदी ओळखायची, किनारा ओळखायचा, रुळांचा माग धरायचा आणि पुढे जायचं. विमानाचा वेग तासाला शंभर मैलांच्या आसपास, म्हणजे १६० किलोमीटर.

आता तुम्ही म्हणाल, सरळ समुद्रावरून का नाही आले? कारण त्या लहानग्या विमानाला टपालासकट एवढ्या लांबच्या पल्ल्याची खात्री नव्हती, आणि समुद्रावर इंजिन बंद पडलं तर उतरणार कुठे? म्हणून वाटेत अहमदाबादला थांबा ठेवला होता. कराची ते अहमदाबाद ५९० किलोमीटर आणि अहमदाबाद ते मुंबई साडेचारशेच्या आत, मिळून हजाराच्या थोडं वर. अहमदाबादला पेट्रोल भरायचं होतं. तिथे पेट्रोलचा पंप नव्हता. पेट्रोल आलं बैलगाडीतून, डब्यांमध्ये भरून. हे चित्र मला फार आवडतं. आकाशातून आलेलं विमान माळावर उभं आहे आणि त्याची तहान भागवायला बैलांची जोडी चाक करकरवत येते आहे. डबे ओतून टाकी भरली, विमान पुन्हा उडालं आणि दुपारी दोनच्या आत मुंबईत जुहूला उतरलं. तिथून पुढचं टपाल घेऊन व्हिन्सेंट दुसऱ्या विमानाने बल्लारीमार्गे मद्रासकडे गेला.

म्हणजे हिशेब असा: कराची ते मुंबई, पेट्रोलचा थांबा धरून, सव्वासात तासांच्या आसपास. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

जुहूची धावपट्टी म्हणजे तेव्हा नुसतं चिखलाचं मैदान होतं. पावसाळ्यात पाणी साठलं की तिथे विमान उतरणं शक्य नसायचं. मग पावसाळ्यापुरता सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलायचा. आपल्याकडे ओढ्याला पूर आला की एसटी अलीकडच्या फाट्यावरच सोडते ना, तसंच. याच टपाल-विमानातून पुढे टाटा एअरलाइन्स उभी राहिली आणि १९४६ मध्ये तिचं नाव एअर इंडिया झालं.

लगेच पुढच्या वर्षी फाळणी झाली.

फाळणीबद्दल आपण पंजाबच्या गाड्यांच्या गोष्टी ऐकतो. सिंधची गोष्ट कमी सांगितली जाते. कराचीत जानेवारी १९४८ मध्ये दंगल उसळली आणि सिंधी हिंदू कुटुंबं मोठ्या संख्येने घरदार सोडून निघाली. ज्यांना जमलं ते विमानाने आले, पुष्कळजण आगबोटीने मुंबईच्या गोदीत उतरले. कल्याणजवळ युद्धाच्या काळातल्या लष्करी छावण्या रिकाम्या पडल्या होत्या, त्यांत या लोकांना ठेवलं. बराकीत तट्ट्या लावून एकेका घराची जागा केलेली. याच छावण्यांचं ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर हे नाव ठेवलं गेलं. उल्हासनगरचे सिंधी पापड तुम्ही खाल्ले असतील, कदाचित तुमचा गट पापड करत असेल तर त्यांच्याशी बाजारात स्पर्धाही केली असेल. घर गेलेल्या बायकांनी पापड लाटून, लोणची घालून संसार पुन्हा उभे केले. कराचीहून येताना फार काही आणता आलं नव्हतं. लाटायचं कसब तेवढं हातात आलं होतं.

पुढे मोठी विमानं आली, जेट आली. मुंबई ते कराची वेळ उतरत उतरत दीड तासावर आली. शिवाय कराचीचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे. म्हणजे मुंबईत दहाला बसलेली बाई कराचीत उतरायची तेव्हा तिथल्या भिंतीवरच्या घड्याळात अकराच वाजलेले असायचे. सकाळचा चहा इथे आणि दुपारचं जेवण माहेरी, असं करता येत होतं. कारण फाळणीनंतरही लग्नसंबंध तुटले नव्हते. मुंबईतल्या कितीतरी मेमन, खोजा, बोहरा घरांत लेक कराचीला दिलेली आणि सून कराचीहून आणलेली असायची. त्यांच्यासाठी हे विमान म्हणजे माहेरची एसटीच.

पण हे विमान कायम चाललं नाही. सप्टेंबर १९६५ मध्ये युद्ध झालं. त्याच युद्धात १९ सप्टेंबरला गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता पत्नीसह कच्छच्या सीमेकडे चालले होते. त्यांचं साधं प्रवासी विमान पाकिस्तानी लढाऊ विमानाने पाडलं. विमानातले सगळे गेले. पंचायत राज आपल्याकडे ज्यांच्या नावाच्या समितीमुळे आलं, तेच हे बळवंतराय मेहता. आज आपल्यातल्या ज्या बायका ग्रामपंचायतीत सदस्य आहेत, सरपंच आहेत, त्यांनी हे नाव प्रशिक्षणात ऐकलं असेल. ज्या वैमानिकाने ते विमान पाडलं, त्याने २०११ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी, मेहतांच्या विमानाच्या वैमानिकाच्या मुलीला पत्र लिहून दुःख व्यक्त केलं आणि तिने त्याला उत्तरही दिलं. ते पत्र ईमेलने गेलं. पोचायला क्षणही लागला नसेल.

मग १९७१. जानेवारीच्या ३० तारखेला आपलं 'गंगा' नावाचं विमान पळवून लाहोरला नेलं गेलं आणि तिथे जाळलं. भारताने लगेच आपल्या आकाशातून पाकिस्तानी विमानांना जायला बंदी केली. त्या वेळी बांगलादेश म्हणजे पूर्व पाकिस्तान होता. कराचीहून ढाक्याला जाणाऱ्या विमानाला आता भारतावरून न जाता खाली श्रीलंकेला वळसा घालून जावं लागे. अंतर जवळजवळ दुप्पट. जमीन जागची हलली नव्हती. फक्त एक परवानगी काढून घेतली होती.

त्या वर्षाच्या डिसेंबरात युद्ध झालं आणि आपल्या या हवाई वाटेवरचं एक गाव पुढे आलं. त्याचं नाव माधापर, भुजजवळचं. भुज पाहा कुठे आहे: मुंबईपासून सरळ रेषेत पावणेसहाशे किलोमीटर आणि कराचीपासून फक्त तीनशेच्या थोडं वर. म्हणजे भुजला मुंबईपेक्षा कराची जवळ. त्यामुळे भुजच्या हवाई तळावर हल्ले होणार हे उघड होतं. ८ डिसेंबरच्या रात्री बॉम्ब पडले आणि धावपट्टी उखडली. विमानं उडू शकत नाहीत, दुरुस्तीला पुरेसे मजूर नाहीत. तळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक, आपले मराठी. मदत मागितली गेली आणि माधापरच्या बायका निघाल्या. साधारण तीनशे जणी.

त्यांच्यातल्या कित्येकींची मुलं अंगावर पिणारी होती. ती घरी, शेजारणीकडे सोडून त्या आल्या. धावपट्टीवर दगड, खडी, सिमेंट वाहायचं, खड्डे भरायचे. भोंगा वाजला की काम टाकून झुडपांत पळायचं आणि विमान गेल्याचा भोंगा झाला की पुन्हा घमेलं डोक्यावर. वरून दिसू नये म्हणून त्यांना फिक्या हिरव्या रंगाच्या साड्या नेसायला सांगितलं होतं. आणि धावपट्टी वरून शत्रूला ओळखू येऊ नये म्हणून ती शेणाने लिंपली. हो, शेणाने. लहान मुलांच्या हाताखालून घडते तशी ही गोष्ट वाटते, पण ती लढाईतली युक्ती होती आणि ती ज्यांच्या हातात होती त्यांना अंगण सारवायचं कुणी शिकवावं लागलं नाही. पहिल्या दिवशी तर जेवणाचीही धड सोय नव्हती.

बहात्तर तासांत धावपट्टी तयार झाली. चौथ्या दिवशी तिच्यावरून विमान उडालं.

नंतर या बायकांना सरकारकडून पन्नास हजार रुपयांचं बक्षीस मिळालं आणि ते त्यांनी आपापसांत वाटून न घेता गावाच्या कामाला दिलं. युद्धाच्या इतिहासात सेनापतींची नावं पानोपानी असतात. घमेली वाहणाऱ्यांसाठी बहुधा एक आकडा असतो, 'तीनशे'. माधापरच्या बायकांचं गावात स्मारक आहे, हे निदान बरं झालं.

युद्धानंतर मुंबई-कराचीचं आकाश बंदच राहिलं. ते १९७६ मध्ये उघडलं. मग बरीच वर्षं विमानं गेली-आली. २००१ च्या डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला आणि १ जानेवारी २००२ पासून पुन्हा बंद. बरोबर दोन वर्षांनी, १ जानेवारी २००४ ला उघडलं. २०१७ मध्ये पाकिस्तानच्या विमान कंपनीने कराची-मुंबई सेवा थांबवली. २०१९ मध्ये पुलवामा आणि बालाकोटनंतर काही महिने पाकिस्तानने आपलं आकाश मिटून घेतलं. आणि एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपापल्या आकाशातून जायला मनाई केली. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या विमानांना लांबून जावं लागायला लागलं.

आता मघाचा तो आकडा काढा. १९३२ मध्ये सव्वासात तास. आज मुंबईच्या बाईला कराचीला जायचं आहे, आणि व्हिसा मिळाला आहे असं क्षणभर धरू. तो मिळणं हीच केवढी मोठी गोष्ट आहे, पण धरू. थेट विमान नाही. तिने दुबईला जायचं, हे १९३० किलोमीटर. तिथे दुसरं विमान पकडून कराचीला, आणखी १२०० च्या आसपास. एकूण तीन हजारांच्या वर. नुसतं उडण्यातच पाच तासांहून जास्त जातात. दुबईत थांबायचे तास धरले तर सात, आठ, कधी दहाही. बैलगाडीतून पेट्रोल भरलेल्या एका इंजिनाच्या विमानाला जेवढा वेळ लागला होता, तेवढाच किंवा त्याहून जास्त. मधल्या नव्वद वर्षांत विमानाचा वेग पाचपट झाला आहे.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, आपल्याला काय करायचंय कराचीला जाऊन? आपण तर अजून विमानात बसलोही नाही. म्हणून आता आपल्याच राज्यातल्या बायकांकडे वळते.

पालघर जिल्ह्यात डहाणू आणि तलासरी हे तालुके आहेत. तिथले आदिवासी आणि मच्छीमार समाजातले पुरुष मासेमारीच्या हंगामात गुजरातला जातात. पोरबंदर, ओखा, वेरावळ इथल्या बोटींवर खलाशी म्हणून काम करतात. बोट मालकाची, जाळं मालकाचं, यांची फक्त मजुरी. समुद्रात सीमेचा दगड नसतो. कच्छच्या टोकाला सर क्रीक नावाची खाडी आहे. तिथे दोन देशांची हद्द नेमकी कुठून जाते यावर अजून एकमत नाही. मासळीला हद्द कळत नाही आणि मासळीच्या मागे गेलेली बोट कधी पलीकडे जाते, कधी गेल्याचा आरोप होतो. पाकिस्तानची सागरी सुरक्षा दलाची नाव येते आणि बोट, माणसं सगळी कराचीला नेते. मग हे खलाशी कराचीच्या मलीर तुरुंगात पडतात. शिक्षा काही महिन्यांची असते, पण ती संपली तरी सुटका लगेच होत नाही. नागरिक असल्याची पडताळणी, कागद, दोन सरकारांची मर्जी, यात वर्षं जातात.

आणि सुटका झाल्यावर तो घरी कसा येतो? पकडला तेव्हा ओख्याहून कराची बोटीच्या एका-दोन दिवसांच्या वाटेवर होती. सुटल्यावर मात्र त्याला आधी कराचीहून रेल्वेने लाहोरला नेतात, हे बाराशे किलोमीटरच्या वर. मग वाघा सीमेवरून चालत इकडे, अटारीला. तिथून अमृतसर, आणि अमृतसरहून मुंबईच्या दिशेने रेल्वेने आणखी एकोणीसशे. पुन्हा तीन हजारांच्या वर. दुबईकडून मोजा की लाहोरकडून, ८७५ किलोमीटरचे तीन हजार होतातच. तुरुंगात मेलेल्या माणसाचा देहही याच वाटेने यायचा. कराचीत मरण आलेल्या खलाशाचा देह घरच्यांच्या हाती पडायला महिना उलटून गेल्याची उदाहरणं आहेत. तोवर घरात सुतक धरायचं की नाही, कुंकू पुसायचं की नाही, हे कुणी सांगायचं?

हे एकाच बाजूचं दुःख नाही. कराचीच्या कडेला इब्राहिम हैदरी नावाची कोळ्यांची वस्ती आहे. तिथले मच्छीमार आपल्याकडे पकडले जातात आणि गुजरातच्या तुरुंगांत राहतात. तिथल्या बायकाही अशाच वाट पाहतात, आणि त्यांचे नवरेही वाघ्यावरूनच परततात.

दोन देशांमध्ये २००८ साली एक करार झाला आहे. त्यानुसार वर्षातून दोनदा, १ जानेवारीला आणि १ जुलैला, एकमेकांच्या तुरुंगांत असलेल्या कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या दिल्या-घेतल्या जातात. युद्ध असो, आकाश बंद असो, या याद्या गेल्या आहेत. ज्या घरचा माणूस बोटीवर गेला आणि परतला नाही, त्यांनी या दोन तारखा लक्षात ठेवाव्यात. यादीत आकडा असतोच, पण आपल्या माणसाचं नाव त्यात आहे का, हे विचारायला जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. बोटीवर जाताना खलाशाचं ओळखपत्र आणि आधार कार्ड यांची प्रत घरी ठेवून घ्या. पडताळणीचे महिने त्या एका कागदाने वाचू शकतात. मालकाचं नाव, बोटीचा नोंदणी क्रमांक वहीत लिहून ठेवा. बचत गटाची वही असतेच, तिच्या मागच्या पानावर लिहिलं तरी चालेल.

शेवटी पुन्हा त्या विमानाकडे येते, कारण त्या वाटेवरून पुढेही उड्डाणं झाली. १५ ऑक्टोबर १९८२ ला पन्नास वर्षं झाली म्हणून जे. आर. डी. टाटा कराचीहून मुंबईला पुन्हा उडाले. तशाच जुन्या जातीच्या विमानातून, वयाच्या ७८ व्या वर्षी. त्या साली दोन देशांमध्ये तेवढं बरं होतं.

नव्वद वर्षं झाली तेव्हा, ऑक्टोबर २०२२ मध्ये, ते उड्डाण पुन्हा एका मुलीने केलं. मुंबईच्या बोरिवलीची आरोही पंडित. छोट्या विमानातून एकटीने अटलांटिक महासागर ओलांडून आलेली. तिने वाट दाखवणारं यंत्र न वापरता, जे. आर. डीं.सारखंच खाली पाहत, अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत विमान आणलं. कराचीहून निघायला मात्र तिला मिळालं नाही. ती निघाली भुजहून, माधापरच्या बायकांनी सारवलेल्या त्या धावपट्टीच्या गावाहून.